मागच्या सीटजवळची जाळी

आमच्या जुन्या हायब्रिड गाडीचा इशाऱ्याचा दिवा पुन्हा पेटला, म्हणून नवरा बसने ऑफिसला गेला आणि गाडी मी गॅरेजला नेली.

मेकॅनिकने मागच्या सीटजवळची, बॅटरीला हवा पुरवणारी जाळी उघडून मूठभर निळी लोकर बाहेर काढली.

"वहिनी, रोज तासन्‌तास गाडी सुरू ठेवून इथे पांघरूण घेऊन कोण झोपतं हो? एवढी लोकर एका दिवसात नाही साठत. बॅटरीचा जीव गुदमरलाय."

महिनाभर ज्या शालीसाठी मी घर पालथं घातलं, तिचाच तो रंग.

संध्याकाळी नवरा टाय सैल करत म्हणाला, "आजही ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती बघ."

 

सकाळी त्याचा डबा गाडीत ठेवताना मी मागच्या सीटवर एक उशीही ठेवली.