पिवळं पान

लाइपझिगमधलं पहिलं पिवळं पान इल्हामनं व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. "माझ्यासाठी जपून ठेव हं," ते हसले. दुसऱ्या दिवसापासून घरी, मोरोक्कोत, आईच्या फोनचा कॅमेराच बिघडला. बाबांना दे म्हटलं की ते मशिदीत तरी असत, नाहीतर झोपलेले. "तू आधी परीक्षा दे गं बाई!" आई म्हणे.

शेवटचा पेपर देऊन आल्या आल्या इल्हामनं फोन लावला. "आई, आता तरी दिस की!"

बऱ्याच वेळानं आई दिसली. अंगात पांढरा झगा, डोक्याला पांढरा रुमाल.

जर्मन रूममेट फ्रीडा मागून डोकावली. "अगं, किती सुंदर दिसतेय तुझी आई! घरात लग्न आहे का?"

इल्हामनं वहीत जपलेलं पान मुठीत घट्ट धरलं.

"कधी, आई?"

"तू पान दाखवलंस ना, त्याच संध्याकाळी."