आमिष कोणतं लावावं

गळाला लागलेली मरळ काठावर फडफडत होती तोवर गंधारने तिला हातसुद्धा लावला नाही. शिट्टी वाजवत नुसता उभा राहिला. ती दमली, चिखलात गप्प पडली, तेव्हा कुठे त्याने दगड उचलला. पहिल्या घावात तिचा डोळा फुटला, दुसऱ्यात डोकं. तिसऱ्याची काही गरज नव्हती, तरी त्याने तोही घातला. अनंतराव दोन पावलं मागे सरले.

"बघवत नसेल तर तिकडे तोंड करा, बाबा," जावई गोड आवाजात म्हणाला.

या गोड बोलण्यानेच तर सगळा घोळ करून ठेवला होता! आठवड्यापूर्वी नीरजा मनगटाला प्लास्टर घालून शनिवार पेठेत माहेरी आली. गंधारने हात पिरगाळून मोडला, म्हणाली. तिच्या मागोमाग गंधार आला, पेढे घेऊन, वाकून नमस्कार करत. "जिन्यावरून पडली हो बाबा. आणि खापर माझ्यावर फोडते." सगळी आळी जावयाच्या बाजूने. अनंतरावांचं तर डोकंच चालेना. पोटची पोर खोटं बोलेल? आणि असा देवमाणूस बायकोवर हात टाकेल?

आज तो तिला न्यायला आला होता. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली. तेव्हा अनंतराव म्हणाले, आधी मला तुमची मासेमारी तरी दाखवा, आणि दोघं कात्रजच्या डोंगरामागच्या या तलावावर आले. मनात एकच होतं. याला असं डिवचायचं, असं डिवचायचं, की मारणारा असेल तर त्याचा हात उठलाच पाहिजे. उठला, तर पोरगी जायची नाही. नाही उठला, तर संध्याकाळी तिला मुकाट्याने त्याच्या गाडीत बसवायचं.

आणि डिवचण्यात अनंतरावांचा हात कोण धरणार! ते शाळेत शिकवत होते तेव्हा मुलं म्हणायची, सर, छडी मारा, पण बोलू नका.

गंधारने आमिषांचा डबा उघडला. चकचकीत पत्रा, लाकडी मासळी, रबरी बेडूक. सगळी खोटी, आणि सगळ्यांच्या पोटाखाली गळ. समोर पाण्यावर मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका थरथरत होता. त्यांची आई मघाशी दगडाने मेली होती. बाप अजून खाली राखण करत होता.

"त्याला भूक नाहीये, बाबा. पिल्लं राखताना मरळ खात नाही. आमिष असं निवडायचं की त्याचं टाळकं फिरलं पाहिजे."

त्याने पत्रा फेकला. पाणी हललंसुद्धा नाही.

"प्रमोशन यंदाही हुकलं म्हणे?" अनंतरावांनी सुरुवात केली. "नाही, असते एकेकाला सवय."

"हो ना, बाबा," म्हणत गंधारने लाकडी मासळी लावली. तिलाही कोणी विचारलं नाही.

"तुमच्या मातोश्रींनी फार कष्टाने वाढवलं म्हणता. संस्कार तेवढे बाहेरून मागवलेले दिसतात."

"काय बाबा तुम्ही पण!" गंधार मनापासून हसला आणि त्याने पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या, ऊन वाढलंय."

मग त्याने रबरी बेडूक पिल्लांच्या पुंजक्यावरून ओढला, आणि पाणी फुटलं. हातभर मरळ उसळून बेडकावर तुटून पडली. गळाची काठी कमानीसारखी वाकली. गंधार ओरडत, घामाघूम होत तिला काठाशी आणत होता. अनंतरावांनी शांतपणे डब्यातली सुरी उचलली आणि ताणलेला दोरा कापून टाकला.

"अरेरे," ते म्हणाले. "महागातला होता का हो बेडूक?"

गंधार लोंबणाऱ्या दोऱ्याकडे बघत राहिला. अनंतरावांनी डोळे मिटले. आता पडणार!

"जाऊ द्या, बाबा," गंधार म्हणाला. "त्याचं नशीब."

अनंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे पोरगी खोटं बोलली. आणि आपण या भल्या माणसाला सकाळपासून टोचून टोचून खातोय! त्यांनी मान खाली घातली, हात जोडले.

"गंधारराव, चुकलंच माझं. मला माफ करा."

गंधारने काठी नीट बाजूला ठेवली. पुढच्या क्षणी अनंतरावांच्या कानशिलात अशी बसली की चष्मा उडून चिखलात पडला. ते गुडघ्यांवर आले. "अहो, नको," एवढंच म्हणाले, तर बुटाची लाथ बरगडीत बसली. मग दुसरी, तिथेच. तोंडात रक्ताची चव आली. शिवी नाही, आरडाओरडा नाही, घाई तर नाहीच. गंधारने त्यांची करंगळी धरली आणि मोडेपर्यंत मागे वाकवली. अनंतराव गुरासारखे ओरडले.

मग त्यानेच त्यांना उठवून बसवलं. स्वतःच्या रुमालाने त्यांचं तोंड पुसलं.

"चिखल आहे ना, बाबा. पाय घसरला तुमचा. बसा इथेच, गाडी आणतो."

तो झाडीआड गेल्यावर अनंतरावांनी धड राहिलेल्या हाताने फोन काढला.

"नीरू, बॅग उघड. कपडे परत कपाटात लाव. तू जायचं नाहीस. दाराला आतून कडी घाल, मी आधी पोलीस चौकीत जातो." त्यांना धाप लागली. "मारलं गं त्याने मला. सकाळपासून डिवचत होतो, त्याच्या आईवर गेलो, मासा सोडून दिला, तेव्हा हसत होता मेला! आणि मग एकाएकी..."

पलीकडे बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

मग नीरजाने अगदी हळू विचारलं, "बाबा, तुम्ही त्याची माफी मागितलीत का?"