गाडीतला वास

चारुशीलेचा नवरा कृष्णकांत वर्षानुवर्षं काचा लावून गाडीत सिगारेट ओढायचा. तिला खोकल्याची उबळ आली की म्हणायचा, "सोसत नाही तं बसनं येत जा." पुढे तिची फुप्फुसं निकामी होत आली. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "सिगारेट कधीपासून ओढता?" तेव्हा शेजारी बसलेला कृष्णकांत खिडकीबाहेर बघत राहिला. यंदा गाडी विकायला काढली. कोराडीहून आलेलं गिऱ्हाईक दार उघडताच नाकाला रुमाल लावून परत गेलं. कृष्णकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सीटवर खाण्याचा सोडा पसरला, कोळशाच्या वाट्या ठेवल्या, छत व्हिनेगरने पुसलं. मग घामाघूम होऊन तिला आत बसवलं. "अजून वास येऊन राहिला का वं?" तिने जमेल तेवढा श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. "येऊन राहिला," ती म्हणाली. तो गुडघ्यांवर बसून पुन्हा सीट घासू लागला.