मधली खोटी रेघ

“आलेख तुटला की पेन उचलायचं गं, ओढत न्यायचं नाही,” शाळेतल्या गणिताच्या बाई सांगायच्या.

संगणक पेन उचलत नव्हता. हेमांगीनं दोन तुकड्यांच्या फलनाचा आलेख काढायला सांगितला, तर त्यानं मधल्या तुटीवर खोटी उभी रेघ ओढून दोघांना बांधून टाकलं. तिनं तुटीच्या जागी रिकामी किंमत भरली. रेघ गेली. दोन्ही तुकडे आपापल्या जागी ऐटीत उभे राहिले.

“सुटसुटीत झालं की,” चहा घेऊन आलेले बाबा म्हणाले. “जावईबापू न्यायला कधी येतायत? अजून सुट्टी मिळेना होय?”

सुट्टीची ही थाप तिनं दिवाळीपासून चालवली होती. हेमांगीनं कप घेतला.

“बसा, बाबा. सुट्टीचं खोटं होतं. आम्ही वेगळे झालोय. मी परत जायची नाही.”