हँडलवरचा कॅमेरा

"बघ, आजबी उतारावर ब्रेक दाबला!" धोंडीरामने मोबाइल बायकोपुढे धरला. "कॅमेऱ्यानं लई सुधरलं गं पोरगं."

"हं," वत्सलाबाई म्हणाली आणि दुधात भाकरी कुस्करू लागली.

म्हशीने ढुशी देऊन खुबा मोडल्यापासून धोंडीराम बीडच्या दवाखान्यात पडून होता. गेवराईला दूध घालायचं काम मुलावर, हरिओमवर आलं. पोरगं गुणाचं, पण सायकलवर बसलं की अंगात वारं शिरायचं. हायवेवर वाळूच्या टिपरला खेटून, हात सोडून काय जाईल! म्हणून धोंडीरामने हँडलला कॅमेरा बसवायला लावला. रोजचा व्हिडिओ दवाखान्यात आलाच पाहिजे, अशी तंबी दिली.

सुरुवातीला हरिओमने कॅमेऱ्यालाही जुमानलं नाही. मध्यंतरी म्हैस व्याली म्हणून वत्सलाबाई घाईघाईने गावी जाऊन आली, आणि त्यानंतर मात्र नवलच झालं. सायकल रस्त्याच्या कडेकडेने जाऊ लागली. चढ आला की पोरगं खाली उतरून ती ढकलत नेऊ लागलं. धोंडीराम येईल त्या नर्सला व्हिडिओ दाखवायचा.

"पण फोन कावून करत न्हाई त्यो?"

"तुमी रागावता. भेतंय."

"मंग भेटायला तरी यावं."

"अन् धारा कोण काढील? आपली पोर अंजू एकली काय काय करील?"

धोंडीरामने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. ऑपरेशन होईपर्यंत बीपी वाढता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे हल्ली नवराबायकोची भांडणंही बंद होती. रोज व्हिडिओ यायचा, रोज तो कौतुक करायचा आणि ती मान हलवायची.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर दारापर्यंत आलं. धोंडीरामने तिचा हात धरला. हा माणूस परत आला नाही तर, या विचाराने तिनेही त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

"कॅमेऱ्यानं माणूस येवढा बदलतो का गं?" त्याने विचारलं.

"बदलतो की."

त्याने हात सोडवून घेतला. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "अंजूला म्हणावं, आशीच सावकाश जात जा. आता तेवढं एकच लेकरू राह्यलंय आपल्याला."