हरवण्याचा सराव

निवृत्तीनंतरचे रितेपण साहसाने भरावे, म्हणून ऑरिन अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील आपल्या गावच्या स्वयंसेवी शोधपथकात दाखल झाला. पहिल्याच सरावात त्याला हरवलेल्या जखमीची भूमिका मिळाली. आणि पाइनच्या निळसर सावलीत लपायला जाताना, बर्फावरून घसरून त्याचा पाय खरोखरच मोडला.

तासाभराने पथकप्रमुख ग्रेटा पहिली तुकडी घेऊन पोहोचली.

"नाटक नाही गं ग्रेटा, पाय खरंच मोडलाय!" तो कळवळला.

"वा रे पठ्ठ्या! मागच्या वर्षीचा जखमी तर चक्क घोरत पडला होता."

सर्वांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्याभोवती बसून फोटो काढले.



मग त्याला फांद्यांखाली नीट झाकून ठेवले; दुसऱ्या तुकडीलाही शोधण्याचा आनंद मिळायला हवा होता.