आवडतं का रे तुला?

“मी गेले तर चालेल का तुम्हाला?” शिलाईवालीने मशीनवरचा पाय काढून विचारलं.

समोर पालथ्या घातलेल्या सोफ्याच्या बुडाला घुम्या पट्टे ठोकत होता. बारीक खिळे ओठांत धरलेले. हातोडी अर्ध्यावर थांबली. सोफे दुरुस्तीच्या या दुकानात तो कारागीर, ती शिलाईला आणि मागच्या खोलीत म्हातारे मालक. माणसं म्हणाल तर एवढीच. घुम्या हे नाव तिनेच ठेवलेलं. दिवसात दहा शब्द बोलला म्हणजे डोक्यावरून पाणी.

तिच्या बहिणीचं परगावी गणवेशांचं शिवणकाम जोरात चाललं होतं. ये, दोघी मिळून करू, म्हणून बहीण महिनाभर मागे लागली होती. आज हो की नाही ते कळवायचं होतं, आणि मालकांना तिने सकाळीच तसं सांगून ठेवलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मागे ना मूल ना बाळ. या गावात तिला धरून ठेवणारं काही असलं तर समोरचा हा ठोंब्या.

“तुम्ही राहा म्हणालात तर मी राहीन,” ती म्हणाली. “सरळच विचारते. मी इथे असलेलं आवडतं का तुम्हाला?”

आता याला उत्तर द्यायला काय पंडित असावं लागतं? एक अक्षर पुरे होतं. आणि ते त्याच्या मनात नव्हतं असंही नाही. तिचं मशीन सुरू झालं की याचा दिवस सुरू होई. लोकांच्या बसायच्या जागा गुबगुबीत करणाऱ्या या माणसाच्या खोलीत खुर्ची एकच. रविवारी दुकान बंद, की स्वतःचा आवाजसुद्धा त्याच्या कानावर पडत नसे. गेल्या हिवाळ्यापासून मोडक्या लाकडांतून त्याने दुसरी खुर्ची करायला घेतली होती, तिच्यासाठी. जीव गेला तरी हे तो कुणाला सांगणार नव्हता.

पण ‘आवडतं का’ हे शब्द त्याच्या जुन्या ओळखीचे होते. ते त्याच्या बापाचे शब्द. बाप मारायचा, ते एक वेळ परवडलं. पण कधीकधी तो पोराला जवळ बसवायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि लाडाने विचारायचा, आवडतं का रे तुला? पोरगं भाबडं, हो म्हणायचं. भोवरा आवडतो म्हणालं, भोवरा चुलीत गेला. मांजरीचं पिल्लू आवडतं म्हणालं, त्याचं काय झालं ते तो अजून आठवू देत नाही स्वतःला. आई गेल्यावर सांभाळायला आलेली मावशी आवडते म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी बापाने मावशीची ट्रंक रस्त्यावर फेकली. लोकरीच्या टोपीच्या वेळी मात्र पोरगं शहाणं झालं होतं. शी, टोचते, म्हणालं. बापाने मुद्दाम हिवाळाभर ती टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. चांगली मऊ, उबदार टोपी होती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा फुंकत बसला नाही, याने पेलाच लोटून दिला. ही बाई राहिलीच पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. आणि जे जितकं हवं ते तितक्या जोरात नाकारायचं, हे तर त्याला कळायला लागल्यापासून पाठ. त्याने खिळे हातात काढून घेतले.

“छे,” तो म्हणाला. “तुमच्या मशीनने डोकं उठतं माझं. गेलात तर बरंच होईल.”

त्याच्या मानाने हे भाषणच झालं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. याला मात्र हायसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर बरंसुद्धा वाटलं, कारण इतकं चोख उत्तर त्याने आजवर दिलं नव्हतं. तो पुन्हा पट्टे ठोकू लागला.

तिने तिथेच बसून बहिणीला फोन लावला आणि उद्या सकाळच्या गाडीने येते म्हणून सांगितलं. तरी तो घाबरला नाही. बापही लगेच मानायचा नाही. आधी वस्तू उचलून दाखवायचा आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहायचा. तेवढा वेळ चेहरा हलू द्यायचा नसतो. तिने अर्धवट राहिलेली खोळ पुरी शिवली, मशीन पुसलं, आपली कात्री पिशवीत टाकली, मालकांचा निरोप घेतला. मग दारात येऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. घुम्याने चेहरा हलू दिला नाही.

ती गेल्यावर मालक बाहेर आले. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाढवा, असं ते म्हणाले, मग जरा नरमून म्हणाले की इतकी चांगली बाई, तुझ्या एका शब्दासाठी थांबली होती, काय मिळालं तुला तिला दुखवून? घुम्या मशीनपुढच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होता. हातातले खिळे एकेक करून खाली पडत होते, ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

“पण मालक,” तो म्हणाला, “मी तर नको म्हणालो होतो. मग ती गेली कशी?”